सकाळचे हात

बांडीने लाथ मारली आणि चरवीभर दूध शेणात गेलं, असं त्या सकाळी आम्ही सगळेच म्हणालो. लाथ मात्र कुणीच पाहिली नव्हती. मी पलीकडे दुसऱ्या गाईची कास धूत होते, भावजय कॅनवर गाळणं धरून उभी होती, भाऊ कुट्टीच्या मशीनला तेल घालत होता. चरवी खडखडत भिंतीपर्यंत गेली, गाय दचकून बाजूला सरली, आणि आमची भिंगरी रिकामे हात तसेच पुढे धरून स्टुलावर बसलेली. गाईला दोषी ठरवायला आम्हाला एवढं पुरलं.

"विकूनच टाकतो हिला," भाऊ ओरडला.

"बाबा, तिने नाही मारली."

"मग काय चरवीला पाय फुटले?"

पोरगी चरवी आणायला भिंतीकडे गेली. सोळा वर्षांची माझी भाची. रांगायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून भिंगरी. हात इतका हलका की गाय तिच्या हाताला जसा पान्हा सोडायची तसा माझ्या हाताला सोडत नसे, आणि मी भाऊ जन्मायच्या आधीपासून धारा काढतेय. नवरा गेल्यावर मी माहेरी आले ती थेट गोठ्यातच. घर भावाचं असेल, गोठा माझा आहे, आणि त्यावरून आमची रोज एक चकमक होतेच.

गोठ्यातून घरात आलो की चहा. तिथेही तेच. तिच्या हातातला कप उडायचा. पडायचा नाही, उडायचा. हे मी पुढे डॉक्टर नावाच्या प्रत्येक माणसाला सांगितलं. हातातून निसटतो तसा नाही हो, आतून कुणी ढकलावं तसे खांदे हिसकतात आणि कप समोर भिरकावला जातो. प्रत्येकाने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, हातातून वस्तू पडतात. कप संपले तेव्हा आम्ही तिला स्टीलचा पेला दिला. तो फुटत नाही, पण आवाज करतो. भाऊ अंघोळीला गेलेला असला तरी आतून विचारायचा, "झालं का आजचं?"

पहिला डॉक्टर बाजारातला. गाईवाल्या घरातून सकाळी बाहेर पडायचं म्हणजे अशक्य. धारा, डेअरी, शेणपाणी, स्वयंपाक, जेवणं, आणि मग आम्ही निघायचो. त्यातून भावजयीला हौस भारी. पोरीला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून आदल्या संध्याकाळीच लवकर झोपवायची, सकाळी उठवायची नाही, केस धुवून वेणी घालायची. "चेहरा टवटवीत दिसला पाहिजे, नाहीतर म्हणतील घरात राबवून घेतात." पाहुण्यांकडे न्यावी तशी पोरगी डॉक्टरपुढे उभी राहायची. तो म्हणाला, हात पुढे कर. तिने केले. भिंतीतल्या खुंट्या हलतील, पण तिची बोटं हलली नाहीत.

"रक्त कमी आहे," तो म्हणाला आणि एक काळं टॉनिक दिलं. टॉनिकने पोरीचे दात काळे झाले. हात होते तसेच राहिले.

दरम्यान बांडी गेली. वीटभट्टीवाल्याला गाय हवीच होती. भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले तेव्हा ती गाय इतकी निवांत उभी होती की मला वाटलं आता तरी भावाला काही सुचेल. त्याला सुचलं ते एवढंच, की दावं नवं आहे, ते सोडून घ्यावं.

मग नवी आली. तिला आम्ही नवीच म्हणायला लागलो. गरीब गाय, शेळीसारखी. आठवडा बरा गेला. नंतर एके सकाळी चरवी थेट माझ्या पाठीवर येऊन आदळली आणि मी नखशिखांत दुधात न्हाले. भाऊ दारात उभा होता. या वेळी मात्र त्याने पाहिलं. गाईचे चारही पाय जमिनीवर होते.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "गाय बदलली, चरवी उडायची थांबत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. हिला पहाटे उठायचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही."

"कंटाळा असता तर अंगावर दूध कशाला ओतलं असतं? पोटात दुखतंय म्हणाली असती," मी म्हणाले.

"तू तिला डोक्यावर चढवून ठेवलंयस."

"आणि तू डोकं वापरायचं सोडून दिलंयस."

भावजय म्हणाली, दोघंही गप्प बसा, दूध डेअरीला जायचंय. आमच्या घरात कुठलंही भांडण शेवटी डेअरीच्या वेळेशी येऊन थांबतं.

चरवी गेली, कप गेले, त्याचं मला काही नव्हतं. मला भीती होती ती मशीनची. सकाळचा चारा कुट्टीवर कापायचा, पेंढी हाताने आत सारायची, आत पातं गरगर फिरतंय. हे काम भिंगरीकडे. एका सकाळी मी पेंड कालवत होते आणि सहज मान वर केली. तिचे खांदे हिसकले. दोन्ही हात पेंढीसकट पुढे गेले. मी बादली टाकून बटणावर झडप घातली. मशीन थांबलं तेव्हा पेंढी आत अडकली होती आणि तिच्या बाहीचं बटण तुटून आत गेलं होतं. हात शाबूत होता. मी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, बोटं एकेक चाचपली, आणि मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आजपासून ही मशीनजवळ फिरकणार नाही," मी भावाला सांगितलं.

"मग चारा कोण कापणार? तुझी कंबर?"

"हो. माझी कंबर."

त्या दिवसापासून कंबर माझी गेली ती गेलीच. पण रोज उजाडताना मला त्या बाहीचं बटण आठवायचं, आणि वाटायचं, या पोरीला काय झालंय ते कुणीतरी लवकर सांगा रे. आज मशीनपासून वाचली, उद्या चुलीशी असेल, परवा विहिरीच्या काठाशी.

दुसरा डॉक्टर हाडांचा. दुपारीच गेलो. त्याने मानेचा फोटो काढला, उजेडापुढे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, मानेतली शीर दबतेय. एक पांढरा पट्टा दिला. तो घातल्यावर पोरीला खाली कासेकडे बघताच येईना. आभाळाकडे तोंड करून धार काढायची. डेअरीतली माणसं विचारायला लागली, विमान शोधतेस का गं?

तिसरा मनाचा. शहरात, गालिचा घातलेल्या खोलीत. आम्हाला बाहेर बसवलं आणि तिच्याशी बराच वेळ बोलला. गोड माणूस, आवाज लोण्यासारखा. बाहेर येऊन म्हणाला, "या वयात असं होतं. परीक्षेचा ताण, घरचं काम. लक्ष वेधून घेण्याचा एक मार्ग असतो हा. रागावू नका तिला."

बसमध्ये भावाने मांडीवर हात आपटला. "बघ! मी काय म्हणत होतो?"

"त्याने रागावू नका म्हटलं, ते ऐकलंस का?"

ते त्याने ऐकलं नव्हतं. आमच्या घराण्याला कान आहेत, पण हवं तेवढंच आत घेणारे. मी खिडकीकडे तोंड केलं. मला त्या डॉक्टरचा राग, भावाचा राग, बसचा राग, आणि त्या पट्ट्यात मान ताठ करून पुढच्या सीटवर बसलेल्या पोरीचाही राग आला होता. डॉक्टरपुढे एकदा, एकदा तरी ते हात उडवले असतेस तर तुझं काय गेलं असतं गं बये!

संध्याकाळी धारा झाल्यावर आम्ही दोघी कॅन घासत होतो. ती म्हणाली, "आत्या, मी मुद्दाम करते का गं?"

"मला काय विचारतेस?"

"मला कळत नाही. हात माझेच आहेत ना. ते म्हणाले मनातून होतं. मग माझ्याच मनातून होत असणार. पण मला तर चरवी उडवायची नसते. बांडीला पण मीच घालवली."

नाही म्हणावं तर तीन शिकलेली माणसं एकीकडे आणि मी चौथी नापास. कॅनच्या तळाला हात घालून मी उगाचच घासत राहिले. आजारापेक्षा हे वाईट होतं. पोरगी स्वतःलाच चोर समजायला लागली होती.

मग एक वासरू आजारी पडलं. भिंगरी दोन रात्री त्याच्यापाशी बसली, कुणाचं ऐकेना. वासरू उभं राहिलं त्या सकाळी ती आडवी झाली. गोठ्यातच. दात आवळले, डोळे वर गेले, सगळं अंग हिसके द्यायला लागलं. भावाने हातातली किटली टाकली. इतका मोठा माणूस, तिच्याजवळ शेणात गुडघे टेकून नुसता "अगं, अगं" करत होता. भावजय दाराला धरून खालीच बसली.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार. तोवर पोरगी उठून बसली होती, पाणी मागत होती. डोक्याचा मोठा फोटो काढला. तरुण डॉक्टर हसत आला. "अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे."

"नॉर्मल आहे तर ती पडली का?"

"एखादी फिट कुणालाही येऊ शकते, मावशी."

"तुम्हाला आलीय का?"

भावाने मला कोपराने ढोसलं. डॉक्टरने मोठ्या डॉक्टरीणबाईंची पुढची तारीख दिली आणि पुढच्या खाटेकडे गेला. नॉर्मल. हा शब्द माझ्यापुढे पुन्हा कुणी काढला तर मी त्याला मशीनमध्ये पेंढीसारखा सारीन, असं मी बाहेर येऊन मोठ्यांदा म्हणाले. पहारेकऱ्याने मला बाजूला व्हायला सांगितलं.

ती तारीख आली, आणि नेमकी आदल्या रात्री नवी व्यायली. आडवं वासरू. ओढायला चौघांचे आठ हात लागले. कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. तांबडं फुटायच्या सुमाराला कालवड पायावर उभी राहिली, आणि शेजारी सांगत आला की आज बसवाल्यांचा संप आहे.

"मग राहू दे," भाऊ म्हणाला. "पुढची तारीख घेऊ."

"पुढची तारीख घे आणि पुढचा हातही घेऊन ये तिला, हा गेल्यावर," मी म्हणाले.

दुधाची गाडी कॅन उचलायला आली होती. ड्रायव्हर म्हणाला, चढा मागे. वेणी नाही, केस धुणं नाही, टवटवीत चेहरा नाही. भिंगरीच्या कोपरापर्यंत वाळलेला चिकटा, भावाच्या चपलेला शेण. कॅनांच्या मध्ये दाटीवाटीने उभे राहून आम्ही शहरात उतरलो तेव्हा दवाखान्याचा झाडूवाला पायऱ्या धूत होता. आयुष्यात पहिल्यांदा रांगेत आमच्यापुढे कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयस्कर. चष्मा कपाळावर, समोर चहाचा कप, चेहऱ्यावर असा भाव की चहा होईपर्यंत तरी मला सोडा. फायलीची पानं भराभर उलटली. "यात तर सगळं नॉर्मल आहे."

मी तोंड उघडलं. भावाने माझ्या पायावर पाय दिला.

"डोक्याचा फोटो आणलाय का? दे इकडे."

भिंगरीने मोठं पाकीट पुढे केलं. आणि तिचे खांदे हिसकले. पाकीट बाईंच्या कानावरून मागच्या कपाटावर गेलं, हाताचा फटका कपाला बसला, आणि सगळा चहा बाईंच्या मांडीवर.

भाऊ ताडकन उठला. "माफ करा बाई, माफ करा. मूर्ख आहे कार्टी. घरी पण हेच करते." त्याने तिचं कोपर धरून तिला मागे खेचली. ती मान खाली घालून उभी राहिली. आणि मी? मला इतका आनंद झाला की मी हसलेच. चहा शेवटी योग्य माणसावर सांडला होता.

बाईंनी मांडीकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा डोळ्यावर ओढला. "घरी पण? कधी?"

"रोज," भाऊ म्हणाला.

"रोज कधी?"

"धारा काढताना. चहाच्या वेळी."

"म्हणजे सकाळी."

"सकाळीच."

"संध्याकाळी धारा कोण काढतं?"

"हीच काढते."

"संध्याकाळी कधी भांडं उडालं?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तीच गाय, तीच चरवी, तीच पोरगी, आणि संध्याकाळी एक थेंब कधी सांडला नव्हता. रोज डोळ्यांपुढे होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

"काल किती झोपलीस गं?"

"झोपले नाही. गाय व्यायली," भिंगरी म्हणाली.

"आणि फिट आली त्याच्या आधी?"

"वासरू आजारी होतं."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "अहो, हे आधी कुणाला सांगितलं का नाही तुम्ही?"

एवढं ऐकलं आणि माझा बांध फुटला. "विचारलं कुणी? दुपारी या म्हणता, दुपारी आलो. हात पुढे कर म्हणता, तिने केले. मी घसा कोरडा करून सांगतेय कप उडतो, उडतो, आणि तुम्ही लोक लिहिता पडतो. एकाने दात काळे केले, एकाने मान बांधली, एकाने सांगितलं पोरगी नाटक करते. पोरगी मला विचारते, आत्या, मी मुद्दाम करते का! सांगा तिला. मी चौथी नापास आहे, माझं ती कशाला ऐकेल?"

दारातल्या नर्सने हातातला ट्रे खाली ठेवला. बाईंनी खणातून कागद घेऊन मांडी पुसली, चुरगळून टोपलीत टाकला, आणि भिंगरीकडे वळल्या.

"तू मुद्दाम करत नाहीस," त्या म्हणाल्या. "नाही. अजिबात नाही."

पोरगी रडली. आवाज न करता, नाक पुसत, बराच वेळ. भाऊ उभाच होता. तिचं कोपर अजून त्याच्या हातात होतं. त्याने ते सोडलं आणि हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

मग डोक्याला तारा लावून झाल्या, पट्टीवर रेघा निघाल्या, आणि बाईंनी समजावून सांगितलं. फिटचाच एक प्रकार आहे. याच वयात सुरू होतो. झोपेतून उठल्यावर हात असे उडतात, आणि झोप मोडली की जास्तच. डोक्याच्या फोटोत काही दिसत नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, बहुतेकांना त्याने चांगला आराम पडतो. शाळा चालू ठेवायची. मशीन, विहीर, आग यांच्यापासून सध्या लांब.

"आणि झोप," बाई म्हणाल्या. "ही मुलगी पहाटे उठणार नाही. ऊन वर येईपर्यंत झोपेल. हे औषधच समजा."

"बाई, आमचा गोठा आहे," भाऊ म्हणाला.

"मग गोठ्यात तुम्ही जा."

वर्षानुवर्षं मी हे वाक्य बोलायला टपलेली होते. ते दुसऱ्याच बाईने बोलून टाकलं. असो.

परतल्यावर भाऊ कुणाला न सांगता वीटभट्टीवर गेला. बांडी परत आणायला. वीटभट्टीवाला म्हणाला, "छे हो, ती देणार नाही. काय गुणाची गाय! धार काढताना शेपूटसुद्धा हलवत नाही. अशी गाय तुम्ही विकलीत तरी कशी?" हे भावाने घरी येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं नाही. वीटभट्टीवाल्याने डेअरीत सगळ्यांना सांगितलं. भिंगरी शाळेतून येताना वाट वाकडी करून बांडीला भेटून येते, एवढंच आता उरलंय.

गोळ्यांनी सगळं एकदम थांबलं नाही. सुरुवातीला पेला दोनदा उडाला. पण ती आता पेला उडाला की सांगते, "आला एक," आणि उचलते. कुणी काही म्हणत नाही. मशीनजवळ मी आहे, माझी कंबर आहे.

आणि सकाळी भाऊ तिच्या स्टुलावर बसतो. पहिल्या दिवशी कॅन आपटला म्हणून मी त्याला घरातल्या खिडकीकडे बोट दाखवलं. ती त्याच खिडकीशी झोपते. दुसऱ्या दिवशी त्याने कॅनांखाली जुनी पोती अंथरली. बोलतो तेही कुजबुजत. आयुष्यभर गाईंशी ओरडून बोललेला माणूस. गाईसुद्धा वळून बघतात.

परवा नवीखाली बसला होता. नवीला सवय पोरीच्या हाताची, आणि याची बोटं म्हणजे पहारी. ती दोनदा सरकली, एकदा शेपटी मारली, आणि मग तिने लाथ घातली. खरी, सगळ्यांच्या समोर, नडगीवर. भरलेली चरवी उलटून शेणात गेली. भाऊ पाय धरून उठला, चेहरा लालबुंद, तोंड उघडलेलं, त्यात आमच्या बापाने शिकवलेली सगळ्यात मोठी शिवी तयार. मी कास धुणं थांबवलं. भावजय गाळणं धरून तशीच उभी.

त्याने खिडकीकडे पाहिलं. उन्हं अजून कौलांवर आली नव्हती. त्याने तोंड मिटलं, लंगडत गेला, चरवी आवाज न करता उचलली, धुतली, आणि परत येऊन स्टुलावर बसला.

"राहू दे गं," तो गाईला हळूच म्हणाला, "तुझी काही चूक नाही."